'बाद' डब्यातली माणसे

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. तुम्ही एका अंधाऱ्या खोलीत सतरंजीवर मांडी घालून बसला आहात, अशी कल्पना करा. समोर नुकताच चुना दिलेली पांढरी भिंत आहे. तुम्ही नागपूरची मुले, तुम्ही समुद्र कधी पाहिलेला नाही. आणि अचानक त्या भिंतीवर समुद्र उघडतो. एक लाट फुटता फुटता थांबली आहे. नारळाची झाडे पाण्याकडे झुकली आहेत. पुढच्या रांगेतली मुले हळूच पाय मागे घेतात, भिजतील म्हणून.

तो समुद्र भिंतीवर मी आणत असे. मी एक जुना स्लाइड प्रोजेक्टर आहे.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. माझे अंग लोखंडी पत्र्याचे, रंग करडा. पोटात एक मोठा दिवा, त्याच्यापुढे दोन जाड भिंगे, आणि तोंडाशी आणखी एक लांबट भिंग. भिंगांच्या मधल्या फटीत स्लाइड सरकवायची. स्लाइड म्हणजे काडेपेटीएवढ्या पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली रंगीत फिल्म. ती नेहमी उलटी घालावी लागते, कारण माझे भिंग चित्र उलटे करते. डोके खाली आणि पाय वर घातले, तरच भिंतीवर डोके वर येते.

मला विकत घेतले रुपरावांनी. ते तारखात्यात तारयंत्रे दुरुस्त करायचे. त्यांची बदली प्रथम अंदमानात, पोर्ट ब्लेअरला झाली आणि नंतर काश्मिरात, श्रीनगरला. दोन्हीकडे त्यांनी कॅमेऱ्याने निसर्गाचे फोटो काढले. फिल्म धुवायला मुंबईला पाठवावी लागे. दीड-दोन महिन्यांनी पुडके परत आले, की ते माझ्यासमोर बसत आणि एकेक स्लाइड पाहत.

रुपरावांचा एक कडक नियम होता. फोटोत माणूस नको. किनारा मोकळा व्हावा म्हणून ते भर उन्हात तीन-तीन तास कॅमेऱ्याच्या तिकाटण्याशेजारी उभे राहत. इतके करूनही नेमका खटका दाबताना कोणी मध्ये आले, तर ती स्लाइड एका बिस्किटांच्या डब्यात जाई. डब्यावर त्यांनी कागद चिकटवला होता आणि त्यावर लिहिले होते, 'बाद'. खरे सांगतो, मलाही त्यांचे पटत असे. मोकळ्या समुद्रातून, लाल पानांच्या चिनारांतून प्रकाश सोडताना मला फार अभिमान वाटे. बाद स्लाइडींना मी कधी ओळखच दिली नाही.

रुपराव निवृत्त होऊन नागपूरला आले आणि धरमपेठेत दोन खोल्यांत राहू लागले. पहिली एक-दोन वर्षे माझे फार कौतुक झाले. शेजारी येत, चहा घेत, "वा, वा" म्हणत. मग कौतुक ओसरले. माझ्यावर जुनी चादर पडली. भिंगावर धूळ साचली आणि धुळीमागून पांढरी बुरशी आली. आपल्याला कोणी विचारत नाही, हे लोखंडालाही कळते, मित्रांनो.

ती चादर काढली शामलाने.

शामला शेजारच्या खोलीत आईबरोबर राहायची. वय अकरा. तिचे वडील मूळचे खापा गावचे. नागपूरला एका आरामशीनवर ते लाकूड कापायचे. १९७५ साली त्यांना पोर्ट ब्लेअरला, लाकूड कापायच्या सरकारी कारखान्यात काम मिळाले आणि ते एकटेच तिकडे गेले. शामलाने हे शाळेत आनंदाने सांगितले. तिथेच घोटाळा झाला. वर्गातल्या मुलांना अंदमान म्हटले की एकच गोष्ट ठाऊक होती. इतिहासाच्या पुस्तकातला तुरुंग. रविंद्र नावाचा एक मुलगा होता, उंच आणि तोंडाने तिखट. तो म्हणाला, "अंदमानात नोकरीले कोणी जाते का वं? तिथं कैदी जाते! सांग ना, तुह्या बापानं काय केलं?"

तेव्हापासून डबा खाताना शामलाशेजारी कोणी बसेना. ती खेळायला गेली की डाव मोडे. दोन वर्षे हे चालले होते.

एका संध्याकाळी ती रुपरावांपुढे येऊन उभी राहिली. "काका, तुमच्याजवळ अंदमानचे फोटो आहे ना? आमच्या वर्गाले दाखवा. म्या किती सांगतलं, कोणी मानतच नाही."

"अवं, ते यंत्र आता खराब झालं असन."

"मी पुसून देतो."

आणि तिने पुसले. मऊ फडक्याने, भिंगाला बोट न लावता, आठ दिवस रोज. प्रत्येक स्लाइड खिडकीशी धरून पाहिली आणि उलटीसुलटी कळावी म्हणून तिच्या कोपऱ्यात आईच्या डबीतली एकेक लाल टिकली लावली. बाद डब्यातल्या स्लाइडीही तिने सोडल्या नाहीत. "अवं, त्या फेकायच्या आहे," रुपराव म्हणाले. ती ऐकून न ऐकल्यासारखे करून टिकल्या लावत राहिली.

वर्गाच्या प्रेमिलाबाईंनी शनिवारचा एक तास दिला. तो फेब्रुवारी १९७७ चा शनिवार होता. दुसरा दिवस मिळण्यासारखा नव्हता, कारण रविवारच्या गाडीने रुपराव मुलाकडे भिलाईला कायमचे जाणार होते. त्यांचे सामान बांधून झाले होते. मी, स्लाइडींची पेटी आणि बाद डबा, सगळे एकाच पिशवीतून शाळेत गेलो.

खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या. पन्नास मुले दाटीवाटीने बसली. रुपरावांनी माझे बटण दाबले. मी उजळलो, पहिली स्लाइड फटीत सरकली, आणि टप्! सगळा अंधार. वीज गेली.

पाच मिनिटे झाली, दहा झाली. मुले चुळबुळू लागली. प्रेमिलाबाई चौकशी करून आल्या. "अहो, संध्याकाळपर्यंत येत नाही म्हणतात."

रुपरावांनी मान हलवली. "चला. नशीब."

"नशीब कायचं काका?" शामला उठून उभी राहिली. "दिवा नाही त काय झालं? ऊन त आहे ना बाहेर!"

मुले खो-खो हसली. "आता ही ऊन धरून आणते, पाह्यजो!" रविंद्र ओरडला.

तोपर्यंत शामला बाहेर पळाली होती. तिचे घर शाळेपासून हाकेवर. परत आली ती भिंतीवरचा मोठा आरसा दोन्ही हातांनी छातीशी धरून. धापा टाकतच तिने रुपरावांना सांगितले, "यंत्राची पाठ उघडा. दिवा काढून टाका. खिडकीची सतरंजी हातभर सरकवा. मी बाहेरून ऊन मारतो."

रुपरावांमधला तारखात्यातला कारागीर जागा झाला. त्यांनी खिशातून पेचकस काढला, माझी पाठ उघडली आणि माझा दिवा बाजूला ठेवला. दिव्याशिवाय मी म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. मला वाटले, आपली फजिती होणार.

आणि माझ्या पाठीवर ऊन आदळले! मित्रांनो, माझा दिवा त्यापुढे काजवा होता. भिंतीवर समुद्र असा उघडला की पन्नास मुलांच्या तोंडून एकदम "आ" निघाला.

माझी पाठ उघडी असल्यामुळे मला खिडकीबाहेरचे दिसत होते. शामलाने आरसा एका उंच स्टुलावर टेकवला होता आणि तो दोन्ही हातांनी तिरपा धरला होता. ऊन सरकत असते. दर मिनिटाला आरसा केसभर फिरवावा लागतो, नाही तर चित्र अंधारून येते. तिच्या कपाळावरून घाम गळत होता आणि तो पुसायला तिच्याकडे तिसरा हात नव्हता. ज्या चित्रांसाठी तिने एवढे केले, त्यांतले एकही तिला तिथून दिसत नव्हते.

आत एकामागून एक स्लाइड चालली. निळे पाणी. पांढरी वाळू. पावसाळी ढगांखालचे बेट. मग रुपरावांनी मध्येच काश्मीरची एक लावली. लालभडक झाडे, खाली लाल जमीन.

"पळस! पळस फुलला!" सगळा वर्ग ओरडला.

"पळस नाही गा," रुपराव हसले. "ती पानं आहे, चिनाराची. आपल्याकडं माघ-फाल्गुनात पानं झडते, तिकडं दिवाळीच्या आसपास. अन् झडायच्या आधी अशी पेटते."

पुन्हा अंदमान. पुन्हा समुद्र, पुन्हा नारळ. तेवढ्यात मागून रविंद्रचा आवाज आला, "पाह्यलं का? एकबी माणूस दिसत नाही! काहून? सारे आत आहे. जेलात!"

वर्ग हसला. खूप हसला.

भिंतीवरचे चित्र थरथरत अंधारले. खिडकी उघडीच होती. शामलाने ते ऐकले होते. मी तिचे हात पाहिले. आरसा स्टुलावरून घसरत होता. रुपरावांनी आयुष्यभर जपलेला नियम त्यांच्याच समोर उभा होता. इतकी सुंदर चित्रे, पण त्यांतून एका मुलीची बाजू घ्यायला एक माणूस पुढे येत नव्हता.

मग शामलाचे हात घट्ट झाले. ऊन पुन्हा माझ्या पाठीत शिरले. आणि खिडकीतून आवाज आला, "काका! तो बाद डबा उघडा!"

"शामले, ते बिघडलेले फोटो आहे. हललेले आहे. लोकायसमोर कसे लावू?"

"बिघडलेले नाही, त्यायच्यात माणसं आहे! उघडता, का आरसा ठेवू खाली?"

एवढ्या मोठ्या माणसाला असे कोणी बोलते का? प्रेमिलाबाई काही म्हणणार, इतक्यात रुपरावांनी खाली वाकून डबा उचलला. झाकण गंजले होते. ते त्यांनी नखांनी उघडले.

पहिली स्लाइड. नारळीच्या रस्त्यावरून सात-आठ मुले शाळेत पळत आहेत. एकीच्या दप्तराचा पट्टा तुटला आहे, म्हणून तिने दप्तर डोक्यावर धरले आहे.

"हे... हे तिथलेच पोरं आहे?" कोणीतरी विचारले.

"तिथलेच. माह्या फोटोत घुसले होते. मी लय रागावलो होतो."

दुसरी स्लाइड. एक बाई ओली साडी झटकते आहे. ती इतकी हलली आहे की तिचे चार हात दिसतात. वर्ग हसला, पण हे हसणे वेगळे होते. मग चिनाराखालची एक म्हातारी आली, लाल पाने पोत्यात भरणारी. "कशाले गोळा करून राहिली ती?" "जाळून कोळसा करते. थंडीत शेकाले." मुले आता प्रश्नांवर प्रश्न विचारू लागली. रिकाम्या समुद्राला त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता.

मग आला लाकडाच्या कारखान्याचा रस्ता. सुटी झाली आहे. उतारावरून कामगार सायकलींवर येत आहेत, हँडलला डबे अडकवलेले. एकाने कॅमेऱ्याकडे पाहून हात वर केला आहे. मागे समुद्र आहे, पण त्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

रुपराव म्हणाले, "हा फोटो शामलाचे बाबा तिकडं जायच्या आधीचा आहे. ते यात नाही. पण ते आता याच कारखान्यात आहे, अन् रोज संध्याकाळी याच रस्त्यानं घरी जाते. जसे तुमचे बाबा येते, तसेच."

रविंद्र हळूच उठला आणि बाहेर गेला.

मित्रांनो, पुढचे सांगण्याआधी एक मागणे मागतो, कारण मग मला बोलायला जागा उरणार नाही. मी आता याच शाळेच्या कपाटात असतो. रुपरावांनी मला इथेच ठेवले. माझी भिंगे कोणी वर्षातून एकदा पुसली तर बरे वाटेल, पण मागणे ते नाही. तुमच्या घरी असे फोटो असतील, ज्यांत कोणी मध्ये आले म्हणून ते कोणी बाजूला टाकले. ते शोधा. कोपऱ्यात नाव लिहा, वर्ष लिहा. समुद्र उद्याही तिथेच असेल. त्या दिवशी त्या रस्त्याने कोण गेले, ते मात्र त्याच कागदावर असते. तेवढे सांभाळा.

तर, रविंद्र खिडकीबाहेर स्टुलापाशी उभा होता.

"शामले, दे आरसा. मी धरतो."

"काहून?"

"तू काहीच नाही पाह्यलं ना अजून." तो जमिनीकडे पाहत होता. "मी उगाच बोलत होतो. दोन वर्षं."

शामलाने लगेच आरसा सोडला नाही. "ऊन सरकते," ती म्हणाली. "दर मिनिटाले जराकसा वर करा लागते. हात दुखते. जमन?"

"जमन."

"हलवला त मी बाहेर येईन."

तिने आरसा त्याच्या हातात दिला. त्याचे हात नीट बसेपर्यंत ती थांबली, मग आत आली. अंधारात प्रेमिलाबाईंनी तिला पुढे जागा करून दिली, पण ती बसली नाही. ती थेट भिंतीपाशी गेली आणि भिंतीला नाक लावून त्या सायकलींकडे पाहत राहिली. मग ती वळली. उतारावरचा रस्ता तिच्या फ्रॉकवर पडला होता, एक सायकल तिच्या खांद्यावर. डोळ्यांवर येणारे ऊन तिने हाताने अडवले आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच ती सगळ्या वर्गासमोर मोठ्याने बोलू लागली.

"ऐका. माह्या बाबायचं नाव गोपाळराव आहे. ते तिकडं काय काम करते, ते मी सांगतो."