पांढरा थर

माझ्या चुलत्यांच्या रक्तावर मी पीएच.डी. करत होते, हे मी सहसा कुणाला सांगत नसे. ऐकणाऱ्याचा चेहरा लगेच भाविक व्हायचा. किती मोठं काम करतेस, वगैरे. मोठं कसलं डोंबल! दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पुण्याहून एसटीनं नगरला जायचं, नागापूरला एमआयडीसीमागच्या त्यांच्या दोन खोल्यांत बसून चार नळ्या रक्त काढायचं आणि थर्मास मांडीवर घेऊन दुपारच्याच गाडीनं परत फिरायचं.

रंभाजी हे माझे थोरले चुलते. मी त्यांना नाना म्हणायचे. आम्ही मूळचे पारनेर तालुक्यातले. माझे वडील गेल्यावर सातवीपासून नानांनी आणि गीताबाई काकूंनीच मला वाढवलं. नाना एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथवर होते. चौऱ्याण्णव साली त्यांना ल्युकेमिया निघाला, पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. सावकाश वाढणारा प्रकार होता. डॉक्टरांनी रोजच्या कॅप्सूल लिहून दिल्या. त्यांनी रोग जात नव्हता, पण पेशींची संख्या दाबून धरली जायची आणि माणूस काही वर्षं हिंडूफिरू शकायचा. त्याच वर्षी मला पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत जागा मिळाली. विषय मीच मागून घेतला.

ह्या रोगात दोन जीन तुटून एकमेकांना भलतेच जोडले जातात आणि तो जोडलेला जीन पेशीला सारखा वाढत राहण्याचा निरोप धाडतो. त्या निरोपाला बरोबर उलटा जुळणारा छोटासा तुकडा पेशीत सोडायचा. तो निरोपाला चिकटला की निरोप वाचला जात नाही आणि जीन गप्प होतो. मग बघायचं, हा एक गप्प झाल्यावर पेशीतले बाकीचे जीन काय करतात, कोण मंदावतं आणि कोण जोर धरतं.

नानांना मी हे समजावलं तेव्हा ते तंबाखू मळत होते. म्हणाले, "म्हंजी ड्रॉइंग हापिसातच ऱ्हातं. तू निस्तं जॉबकार्ड मशीनपतूर जाऊ देत न्हाईस."

"अगदी तसंच."

"मग म्होरली मशिनं रिकामी बसत्याल, अन् मागं माल तुंबंल. तेच बघायचं का तुला?"

आमच्या विभागातल्या निम्म्या लोकांना हे इतकं नीट सांगता आलं नसतं.

शहाण्णवच्या जूनपर्यंत माझं काम रडतखडत चाललं होतं. रक्ताची नळी यंत्रात गरगर फिरवून रक्त वेगळं केलं की मधे पांढऱ्या पेशींचा थर येतो. नानांचा थर जेमतेम दोऱ्याएवढा यायचा, कारण कॅप्सूल आपलं काम चोख करत होत्या. त्या रविवारी मी वैतागलेली होते. सुई काढताना बोलून गेले, "कॅप्सूलमुळं पेशीच मिळत नाहीत, नाना. एवढ्याशा मालात प्रयोग कसा करायचा?" नानांनी कापूस दाबून धरत थर्मासातल्या नळ्यांकडं बघितलं. मी काय बोलले ते विसरूनही गेले.

जुलैत थर थोडा वाढला. ऑगस्टमध्ये चांगला ठसठशीत आला, सप्टेंबरात बोटाच्या पेराएवढा. मी पेशी मोजल्या, आकडा वहीत लिहिला आणि पुढं लाल पेनानं 'उत्तम' असं लिहिलं. आनंदानं सगळ्यांना चहा पाजला. इतक्या पेशी का आल्या हा प्रश्न मला पडला नाही. पडायला हवा होता, तो माझ्या धंद्याचाच प्रश्न होता.

प्रयोगही एकदम देखणे यायला लागले. प्रत्येक जीन किती काम करतो आहे त्याची एक काळी पट्टी एक्स-रे फिल्मवर उमटते. गप्प केलेल्या जीनची पट्टी पुसट झाली, पेशींची वाढ चालवणाऱ्या दोन जीनच्या पट्ट्या मंदावल्या आणि एक निजलेला जीन जागा झाला. पेशी मरायला लागल्या. एसटीडीवरून मी नानांना कळवलं. ते म्हणाले, "बरं झालं. माल नीट मिळतोय ना?" मी हो म्हणाले.

एक तपासणी मात्र राहिली होती. त्याच रासायनिक अक्षरांचा, पण क्रम विस्कटलेला, कशालाच न जुळणारा तुकडा पेशीत सोडायचा. त्यानं काहीही होता कामा नये. ही तपासणी खरं तर आधी करायची असते. पेशी कमी म्हणून मी ती पुढं ढकलली होती. नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी तिची फिल्म धुऊन बाहेर काढली. सगळ्या पट्ट्या खऱ्या तुकड्याच्या फिल्मसारख्याच होत्या. तेच मंदावलेले, तोच जागा झालेला. म्हणजे जीन गप्प झाल्यामुळं काही घडलंच नव्हतं. पेशींना कुठलाही परका तुकडा सोसत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. माझे सर म्हणाले, पुन्हा एकदा करून बघ. त्यांच्या आवाजात काही उरलं नव्हतं.

रविवारी मी नागापूरला गेले. नाना बाजेवर पडून होते, अंगात ताप होता. डाव्या बरगडीखाली पोट दगडासारखं लागलं. पानथरी, म्हणजे प्लीहा, इतकी सुजली की काय झालं आहे हे कळायला डॉक्टर लागत नाही.

"कॅप्सूल घेताय ना?"

काकू दारातून म्हणाल्या, "त्या तर जूनपासनंच बंद केल्यात. तूच सांगितलंस म्हनले."

मी नानांकडं बघितलं. ते भिंतीकडं बघत होते.

"तुलाच पेशी कमी पडत हुत्या," ते म्हणाले. "अर्धवट माल दिऊन जॉब हुतो व्हय कधी? डॉक्टरकडं बी गेलो न्हाई मग. त्यानं परत चालू करायला लावल्या आसत्या."

मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच. तुम्हाला कुणी शहाणपणा सांगितला होता, असं काहीबाही बोलले. ओरडताना मला माझी वही दिसत होती. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, चढत गेलेले आकडे, आणि माझ्याच अक्षरातलं 'उत्तम'. चार महिने त्यांचा रोग वाढताना मी स्वतः मोजला होता. मला त्याचा आनंद झाला होता. ही गोष्ट मी आजही कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगू शकत नाही.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"उद्याच्याला जाऊ. आदी सांग, काम झालं का तुजं?"

खोटं बोलता आलं असतं. पण तीस वर्षं मापात काम केलेल्या माणसाला मी भलतं माप देऊ शकले नाही.

"नाही झालं, नाना. कशालाच न जुळणाऱ्या तुकड्यानंही तेच घडतंय. सगळं वाया गेलं."

मला वाटलं, आता रडतील. निदान चिडतील तरी, मला ते हवं होतं.

"म्हंजी पयल्यापासनं करावं लागंल," ते म्हणाले. त्यांनी बाही वर सारली आणि हात बाजेच्या कडेला सरळ ठेवला. "घे. ह्या बारीला भरपूर मिळंल."

काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. मला ठाऊक होतं, त्या रक्ताचा आता कुणालाच उपयोग नव्हता, त्यांना तर मुळीच नव्हता. नाही म्हणायला हवं होतं. मी पिशवीतून सुई काढली. चौथी नळी भरेपर्यंत नाना तिच्याकडं समाधानानं बघत होते, आणि मी ती अर्ध्यावर थांबवली नाही.