नाकासमोरची चित्रं

आमच्या गल्लीतलं कलादालन म्हणजे पूर्वीचं चपलांचं दुकान. दुकान बंद होऊन एकवीस वर्षं झाली, तरी वर्षातून दोन-तीन जण अजून आत येतात, चित्रांकडे बघत घुटमळतात आणि हळूच विचारतात, "सात नंबर मिळेल का?" दालन चालवणाऱ्या बाई कुणाला परत पाठवत नाहीत. "सात नंबर त्या कोपऱ्यात," म्हणतात आणि सात नंबरच्या चित्रासमोर नेऊन उभं करतात. मागे असाच आलेला एक गृहस्थ तासभर बसून गेला. चप्पल घ्यायची राहूनच गेली.

बाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही रिकामी खोली घेतली आणि पहिल्याच वर्षी गल्लीचं प्रदर्शन भरवलं. तेव्हापासून ते दरवर्षी भरतं. अट साधी: घरटी एक वस्तू, स्वतःच्या हातची, आणि ती दालनाच्या फ्रेममध्ये मावली पाहिजे. फ्रेमा चाळीस, सगळ्या एका मापाच्या. कुणी चित्र आणतं, कुणी भरतकाम, तर कुणी वाळलेली पानं चिकटवून आणतं. देवाच्या दारात जसा लहानमोठा भेद नाही, तसा बाईंच्या दारातही नाही. चिकटवलेल्या पानांशेजारी बाईंचं स्वतःचं चित्र लागतं आणि त्यांना त्यात काही वाटत नाही.

ही चाळीस चित्रं भिंतीवर लावायचं काम बाईंच्या थोरल्या भावाचं, म्हणजे दादांचं. दादा गवंडी. उभा जन्म भिंती सरळ उठवण्यात गेला, म्हणून गल्लीने त्यांचं नाव ठेवलेलं ओळंबा. दोरीला वजन बांधून भिंत सरळ आहे की नाही बघतात, तो ओळंबा. दादांच्या खिशात तो कायम असायचा, पण टेप किंवा मोजपट्टी दालनात त्यांनी कधी शिरू दिली नाही. "चित्र माणसाने बघायचं, तर माप माणसाचंच हवं," असं त्यांचं म्हणणं. भिंतीला तोंड करून ताठ उभे राहायचे, नाक टेकवायचे, तिथे खडूची खूण करायचे आणि खुणेच्या वर एक वीत अंतरावर खिळा ठोकायचे. दर खिळ्याला तीन ठोके आणि दर ठोक्याला देवाचं नाव. चाळीस खिळे झाले की एकशे वीस नामं पदरात पडायची. चित्रं बघायला येणाऱ्याला वाटायचं, काय सुंदर ओळ आहे. दादांना वाटायचं, आज चांगली सेवा घडली.

यंदा भिंतींचे पोपडे निघाले होते, म्हणून रंगाऱ्याने नुसता हात न मारता जुना रंग पार खरवडून काढला. तो काढताना जुन्या खिळ्यांची पुट्टी भरून बुजवलेली सगळी भोकं उघडी पडली. रंगारी शिडीवरून उतरला, लांब जाऊन बघितलं आणि बाईंना हाक मारली.

"बाई, ही भिंत वाचता येते का बघा."

बाईंनी चष्मा चढवला. वरच्या बाजूला भोकांची दाट ओळ होती, पहिल्या बारा-तेरा वर्षांची, सगळी एका रेषेत. त्याखाली बोटभर अंतरावर दुसरी ओळ. तिच्याखाली तिसरी. अशा आठ-नऊ ओळी, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या खाली उतरलेल्या. सगळ्यात खालची ओळ गेल्या वर्षीची. वरच्या ओळीपासून ती चांगली पाऊण वीत खाली होती.

"दादांची पाठ आहे ही," रंगारी म्हणाला. "दर वर्षाला एक बोट."

दादा वाकलेत हे साऱ्या गल्लीला दिसत होतं. फक्त दादांना दिसत नव्हतं. आपण अजून ताठ उभे राहतो, अशी त्यांची खात्री होती. आणि आमची चित्रं दर वर्षी त्यांच्या नाकाबरोबर एकेक बोट खाली येत होती. एकदा बसच्या ड्रायव्हरने म्हटलं होतं, "बाई, पुढच्या वर्षी चित्रं अंथरूनच ठेवा, वरून बघत जाऊ." पण तो ड्रायव्हर एवढा उंच की गल्लीत त्याला खांब म्हणतात. खांबाला सगळंच खाली दिसणार, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं.

बाई संध्याकाळी भावाच्या घरी गेल्या. दादा आत हातोडीच्या दांड्याला तेल चोळत बसले होते. बाईंनी वहिनींना स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "वहिनी, यंदा दुसऱ्या कुणाकडून लावून घेऊ का? दादाला काहीतरी सांगू."

वहिनींनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "काय सांगाल? तू वाकलास म्हणून? अहो, संसाराला बेचाळीस वर्षं झाली, मी या माणसाला कधी वाकडं म्हटलं नाही."

"मग तसंच चालू द्यायचं?"

"वर्षभर ते त्या खुर्चीत असतात. पेपरसुद्धा मी वाचून दाखवायचा आणि वर माझ्याच वाचण्यातल्या चुका ऐकायच्या. पण प्रदर्शन आलं की बघा, आठ दिवस आधीपासून आपणहून उठतात. हातोडी काढून घेतलीत तर मला नुसती खुर्ची उरेल."

बाई घरी आल्या. रात्री देवापुढे बसल्या तेव्हा जपाचे मणी सरकत होते आणि डोक्यात खिळे मोजले जात होते.

शुक्रवार-शनिवारी दादांनी नेहमीसारखी चित्रं लावली. ओळ अशी सुरेख की दोरा धरून बघावी. आणि यंदाची ओळ गेल्या वर्षीपेक्षाही एक बोट खाली.

रविवारी पाचला उद्घाटन. दादा दुपारचं जेवून झोपतात आणि कानाला थोडे कमी, हे धरून बाईंनी बेत केला. एक वाजता खांब आणि रंगारी दालनात हजर. रंगाऱ्याने पक्कडीने खिळे उपटायचे, भोकं बुजवायची, वर रंगाचा हात मारायचा. खांबाने नवे खिळे ठोकायचे.

"किती वर घेऊ?" खांबाने विचारलं.

एवढ्यात छापखान्यातून निरोप आला, की पत्रकात चाळीसच्या जागी चारशे चित्रं छापली गेलीत, तेवढं येऊन बघा. बाईंची धांदल झाली. दारातूनच त्या म्हणाल्या, "दादा करतो तसंच कर रे. फक्त ताठ उभा राहा."

खांब म्हणजे सरळ मनाचा माणूस. सांगितलं ते तंतोतंत करणारा. भिंतीला तोंड करून ताठ उभा राहिला, नाक टेकवलं, खडूची खूण केली आणि वर एक वीत खिळा ठोकला. चाळीस वेळा. रंगारी खाली बसून भोकं बुजवत होता. त्याने वर बघितलं ते थेट शेवटी.

पावणेतीनला बाई परत आल्या आणि दारातच थांबल्या. चाळीस चित्रं छताला चिकटायच्या बेतात होती.

"हे काय केलंस?"

"बाई, खरं सांगू?" खांब खूश होता. "एकवीस वर्षांत पहिल्यांदा मला चित्रं नीट दिसली. तुमच्या चित्रातल्या त्या बोटीला शीड आहे, हे मला आज कळलं."

बाई काही बोलणार तोवर काठीचा आवाज आला. इस्त्रीचा शर्ट घातलेले दादा, खिशात हातोडी, मागे वहिनी. दोन तास आधीच आलेले, ओळ एकदा शेवटची डोळ्याखालून घालायला.

दादा खोलीच्या मध्यभागी आले. डावीकडे बघितलं, मग समोर, मग उजवीकडे. त्यांची मान जेवढी वर होत होती तेवढ्यात नुसती पांढरी भिंत होती.

"मास्तरीणबाई," ते बहिणीला म्हणाले, "चित्रं कुठे गेली?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. बाई भावाजवळ गेल्या, त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "वर आहेत, दादा. तुला दिसत नाहीत. तुझ्या पाठीला कळू न देता लावायला गेलो आणि हे होऊन बसलं." मग त्यांनी सगळं सांगितलं. भोकांच्या ओळी, पायऱ्या, पाऊण वीत, काहीही न लपवता.

दादा स्टुलावर बसले. खिशातली हातोडी काढून मांडीवर ठेवली.

"म्हणजे आठ-नऊ वर्षं मी सगळ्या गल्लीला वाकायला लावलं," ते म्हणाले. "आणि कुणी बोललं नाही."

"बोललो होतो मी," खांब म्हणाला.

"तुझं कोण ऐकतंय," रंगारी म्हणाला.

दादांनी हातोडी उचलून बहिणीपुढे धरली. "घे. झाली सेवा."

बाईंनी ती घेतली नाही. हातोडी दोघांच्या मध्ये तशीच राहिली आणि नेमकी तेव्हाच पाववाल्याची सासू आत आली. ही उंचीला खांबाच्या कोपराएवढी, पण तिच्या तोंडापुढे सगळी गल्ली ठेंगणी. आपलं चित्र कुठे लागलंय ते बघायला ती दर वर्षी सगळ्यांच्या आधी येते. तिने वर बघितलं.

"माझी कोंबडी छतावर कुणी चढवली?"

"मी," खांब म्हणाला. "बरोबर नाकासमोर आहे."

"कुणाच्या नाकासमोर? चित्र मी काढायचं आणि बघायचं तू? मेल्या, सुरुवातीची बारा वर्षं मी इथे नुसते फ्रेमांचे खालचे काठ बघितले. अलीकडे कुठे चित्रांची तोंडं दिसायला लागली होती. दर वर्षी देवाला सांगते, दादांना सुखात ठेव, माझ्यासाठी एकेक बोट खाली आणतात."

"आणि मी काय गुडघ्यावर बसून बघू?"

"बस की. बसमध्ये दिवसभर बसतोसच."

दोघांची चांगलीच जुंपली. बाई मध्ये पडायला निघाल्या, तर दादांनीच त्यांना अडवलं. ते कान देऊन ऐकत होते. मग काठी टेकून उठले.

"कोंबडी कुणाची म्हणालात?"

"माझी."

"इकडे या. भिंतीला तोंड करून उभ्या राहा. ताठ."

पाववाल्याची सासू उभी राहिली. दादांनी तिचं नाक भिंतीला टेकवायला लावलं, खडूने खूण केली, वर एक वीत मोजून खिळा धरला. तीन ठोके पडले. कोंबडी खाली उतरली आणि आपल्या मालकिणीच्या डोळ्यांत डोळे घालून बसली.

"आता खांब," दादा म्हणाले. "तुझं चित्र कुठलं?"

"बोगदा."

"तो राहू दे वरच. तुझ्या नाकाला माझा हात पोचत नाही. बाकीची सगळी उतरव. ज्याने केलं त्याच्या नाकासमोर ते लागेल. बघणाऱ्याला ते बघायचं असलं तर त्याने वाकावं, नाहीतर टाचा उंचवाव्यात. मास्तरीणबाई, गल्लीत निरोप धाड. चाळीसही जणांना नाकासकट बोलाव."

तीन वाजता सुरू झालेलं हे काम पाचला संपणार नव्हतंच. दालनाच्या दारातून रांग लागली ती औषधाच्या दुकानापर्यंत. पाचला पाहुणे आले, तेही रांगेत शिरले आणि पुढच्याला विचारू लागले, इथे काय मिळतंय. शिंप्याच्या नाकाला खडू लागला. औषधवाल्याची पाच वर्षांची नात भिंतीला नाक लावून उभी राहिली ती हलेचना. तिला वाटलं भिंतीला वास असणार. तिचं चित्र जमिनीपासून हातभर उंचीवर लागलं आणि कधीही कुणापुढे न झुकणारे आमचे वकीलसाहेब त्याच्यासमोर चक्क मांडी घालून बसले. शेजारी बोगदा बघायला पाववाल्याची सासू स्टुलावर चढली होती, आणि खांब खाली तिचा हात धरून तिला सांगत होता की बोगद्याच्या आत उजेड कुठून येतो.

भिंतीवर आता ओळ म्हणून नव्हती. कुठे वर, कुठे खाली, जशी गल्ली तशी भिंत. दादांनी आयुष्यात पहिल्यांदा वाकडंतिकडं काम केलं होतं आणि घामाने इस्त्री मोडलेल्या शर्टात ते रांगेवर ओरडत होते, "नाक पुसून या, खडू धरत नाही."

साडेसहाला एकच फ्रेम उरली. निळ्या धाग्याने भरलेली दोन पाखरं. वहिनींची.

"चल, उभी राहा," दादा म्हणाले.

"अहो, राहू दे. तुमच्याच मापाने लावा ना, एवढी वर्षं लावलीत तशी."

"आज ते माप बंद आहे."

वहिनी भिंतीला तोंड करून उभ्या राहिल्या. दादा खडू घेऊन जवळ आले आणि थांबले. वहिनी पूर्वी त्यांच्या खांद्याला लागायच्या. आता दोघांची नाकं समोरासमोर होती.

"तू कधी उंच झालीस?" दादांनी विचारलं.

"झाले हळूहळू," वहिनी म्हणाल्या. "खूण करा लवकर. लोक बघतायत."

तीन ठोके पडले. पाखरं लागली. दादांनी हातोडी खिशात घातली, खोलीभर एकदा बघितलं, वर फक्त मान पोचेल तेवढंच, आणि बाईंना बोलावलं.

"मास्तरीणबाई, ही भोकं पुढच्या वर्षी कामाची नाहीत. औषधवाल्याची नात तोवर चार बोटं वाढेल. सगळ्यांची मापं नव्याने घ्यावी लागतील. मला एक दिवस आधी बोलावत जा, दोन दिवस पुरत नाहीत."