मान आडवी म्हणजे हो

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, पण घरातली नव्हे, सिनेमागृहातली. बल्गेरियातल्या त्र्यावना गावाच्या वाचनालयाला लागून जे सभागृह आहे, तिथे सातव्या रांगेत, डाव्या भिंतीकडून दुसरी, अशी माझी जागा होती. आता मी त्याच इमारतीच्या तळघरात आहे. मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं आहे. इथे ओल आहे, उंदीरही आहेत. वाईट वाटतं का, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. एकाच जागी फार वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो ना, तसं माझं सगळंच झालं आहे.

माझं लाकूड बीच नावाच्या झाडाचं. आमच्या गावाच्या मागे बाल्कनचे डोंगर आहेत, तिथलं. खरं तर सिनेमाच्या खुर्चीला नक्षी कशाला हवी? अंधारात ती बघणार कोण? पण आमच्या गावच्या सुताराच्या हातात साधी फळी दिली तरी त्याचे हात शिवशिवतात. त्यानं माझ्या पाठीवर एक सूर्यफूल कोरलं. ज्या दिवशी मला जमिनीत स्क्रूनं घट्ट बसवलं, त्या दिवशी नगराध्यक्षांनी त्या फुलावरून हात फिरवला आणि म्हणाले, "वा! बसायला मन होत नाही." आणि बसले. माझ्या आयुष्यातली ती पहिली आणि शेवटची तारीफ.

माझ्या शेजारी, भिंतीला लागून, दुसरी खुर्ची होती. आम्हा दोघींचा मधला लोखंडी पाय एकच. त्यामुळे तिच्यावर कुणी हललं की मला कळायचं.

दर रविवारी या दोन खुर्च्यांवर गेन्चोकाका आणि त्यांची बायको पेनाकाकू येऊन बसत. गेन्चोकाका लोकरीच्या गिरणीत रंगारी होते. त्यांची बोटं कायम निळी असत आणि कोटाची पाठही. ते काही सिनेमाचे जाणकार नव्हते. रविवारी दुसरं काय करायचं, म्हणून येत. पण मत मात्र प्रत्येक सिनेमावर ठाम, आणि तेही सिनेमा चालू असताना, मोठ्यानं.

आमच्याकडे परदेशी सिनेमे मूळ भाषेतच लागत आणि खाली बल्गेरियन अक्षरं येत. गेन्चोकाका चष्मा लावत नसत. पेनाकाकूच त्यांच्या कानाशी सगळं वाचून दाखवत.

"अहो, चष्मा का नाही आणत?" त्या एकदा वैतागून म्हणाल्या.

"वाचायचंच असतं तर वाचनालयात गेलो नसतो?"

"हे वाचनालयच आहे!"

"मग लोक शेंगा फोडल्यासारख्या बिया का फोडताहेत?" असं म्हणून काकांनी स्वतःच्या तोंडातलं सूर्यफुलाच्या बीचं टरफल खाली टाकलं. मागून दारावरच्या त्सोन्काबाई ओरडल्या, "गेन्चो, मी बघितलंय हं! पुढच्या रविवारी झाडू देईन हातात!"

काय काय मतं असत त्यांची! एका युद्धाच्या सिनेमाला ते म्हणाले, "तीन तास झाले, एकानंही घास खाल्ला नाही. लढताहेत कशाच्या जोरावर?" एका फ्रेंच सिनेमात नवराबायको अर्धा वेळ समुद्रकाठी मुकाट चालत होते. "भांडण झालंय तर भांडा की! आम्हाला का थंडीत फिरवताय?" एक सिनेमा इतका काळोखा होता की पडद्यावर कोण आहे ते दिसेना. तेव्हा ते म्हणाले, "हा नक्की गाब्रोवोच्या माणसानं काढलाय. दिव्याचे पैसे वाचवले!" आणि अख्खं सभागृह खदखदून हसलं. गाब्रोवो हे आमच्या शेजारचं गाव, आणि तिथली माणसं रात्री घड्याळसुद्धा बंद करून ठेवतात, झिजेल म्हणून, असं आम्ही म्हणतो. एका राणीच्या सिनेमात सगळे राणीच्या दुःखानं रडत होते आणि काका पुटपुटले, "तो लाल झगा पहिल्याच धुण्यात रंग सोडणार. लिहून घ्या."

मित्रांनो, आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं तुम्हाला कळणार नाही. आमच्या देशात 'हो' म्हणायचं तर मान आडवी हलवतात आणि 'नाही' म्हणायचं तर खालीवर. बाकीच्या जगात याच्या उलट करतात म्हणे. काका डोकं मागे टेकून बसत, त्यामुळे त्यांचा होकार आणि नकार दोन्ही मला पाठीत कळत. होकार या खांद्याकडून त्या खांद्याकडे घासत जाई. नकार वरून खाली येई.

एकदा हिंदुस्थानातला सिनेमा लागला होता. त्यात गाणी होती, आणि ताटातूट झालेले भाऊ होते. सभागृहात रुमाल निघाले. त्यातल्या म्हातार्‍या आईनं 'हो' म्हणताना मान आडवी डोलावली आणि काका माझ्यावरून जवळजवळ उठलेच. "पेना, बघितलंस? ही आपली माणसं आहेत! सगळ्या जगात मान नीट हलवणारे आपण आणि हे!" तो एकच सिनेमा त्यांनी दोनदा पाहिला.

मग एका हिवाळ्यात सभागृहाच्या दारावर, सिनेमाच्या जाहिरातीशेजारी, पेनाकाकूंचा फोटो असलेला कागद चिकटवला गेला. आमच्याकडे माणूस गेलं की असा कागद लावतात. पुढच्या रविवारी काका एकटेच आले. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी स्वतःची टोपी ठेवली. टोपीला वजन ते किती? मधल्या लोखंडी पायाला काही कळलं नाही.

आता कानाशी वाचणारं कुणी नव्हतं. काका माना बघून सिनेमा समजून घेऊ लागले. आणि परदेशी माना त्या, सगळ्या उलट्या! एका सिनेमात मुलानं लग्नाचं विचारलं, मुलीनं लाजून मान खालीवर केली आणि पुढच्याच क्षणी चर्चमध्ये लग्न. "पोरगी नको म्हणाली ना!" काका गरजले. "नको म्हणाली तरी लग्न? अरे, पोलिसांना बोलवा कुणीतरी!"

लोक हसले. हसण्यात काही वाईट नव्हतं, पण पूर्वी ते काकांच्या बोलण्यावर हसत आणि आता काकांना हसत होते. काकांनाही ते समजलं असावं. त्यांनी हळूहळू बोलणं सोडलं. त्सोन्काबाई बाहेर पडताना मुद्दाम विचारत, "काय गेन्चो, कसा होता?" ते म्हणत, "ठीक." युद्धाचा सिनेमा ठीक, हसण्याचा ठीक, रडण्याचाही ठीक. त्यांची पाठ माझ्या पाठीवर असायची, पण तिच्यात काही हलत नसे. तेव्हापासूनच मीही अशी सुन्न होत गेले, असं मला वाटतं. माणूस बसतं तसं लाकूड होतं.

पेनाकाकूंच्या वर्षश्राद्धाला त्यांची मुलगी स्नेझाना व्हिएन्नाहून आली. ती बरीच वर्षं तिकडे नर्स होती. रविवारी ती वडिलांना घेऊन सिनेमाला आली आणि टोपी उचलून आईच्या खुर्चीवर बसली. मधला पाय कितीतरी दिवसांनी करकरला.

सिनेमा अर्ध्यावर आला तेव्हा ती काकांकडे वाकली. "बाबा, एक विचारू? तुम्ही इथे एकटे राहू शकाल ना? मला रोज काळजी लागते. खरं सांगा."

सिनेमात बोलण्याची काकांची सवय मोडली होती. त्यांचं डोकं माझ्या पाठीवर टेकलेलं होतं. ते वरून खाली आलं. थांबलं. पुन्हा वरून खाली आलं. नाही. नाही.

"बरं झालं, बाबा!" स्नेझाना म्हणाली आणि तिनं त्यांच्या निळ्या बोटांवर हात ठेवला. "केवढं ओझं उतरलं माझं! मला वाटत होतं, तुम्ही नाही म्हणाल."

मित्रांनो, परदेशात राहून तिची भाषा तीच राहिली होती, मान तेवढी बदलली होती. काकांची पाठ माझ्यापासून जरा सुटली, आणि सिनेमा संपेपर्यंत ते तसेच ताठ बसून राहिले. दोन दिवसांनी स्नेझाना परत गेली, असं त्सोन्काबाईंच्या बोलण्यातून कळलं.

पुढचा हिवाळा काकांनी कसा काढला ते मला ठाऊक नाही. मला फक्त रविवार ठाऊक आहेत. कोट सैल होत गेला. बिया आणणं बंद झालं. एकदा सिनेमा संपून दिवे लागले तरी ते बसून राहिले. त्सोन्काबाई येऊन म्हणाल्या, "गेन्चो, घरी जा रे बाबा." ते म्हणाले, "जातो. तिथेही असंच बसायचंय."

ईस्टरच्या आधीच्या रविवारी पडदा अजून उजळायचा होता. काका आत येऊन बसले होते. तेवढ्यात मागून दाराशी स्नेझानाचा आवाज आला. सणासाठी न कळवताच ती आली होती.

"मावशी, बाबा आत आहेत का?"

मग परत फिरणारी पावलं वाजली आणि त्सोन्काबाई ओरडल्या, "अगं, कुठे निघालीस? आत आहे म्हटलं ना!"

"तुम्ही नाही म्हणालात."

"मी कधी नाही म्हणाले? ही बघ, अशी मान हलवली! अगं बाई, मान तिकडेच विसरून आलीस की काय?"

पावलं थांबली. नंतर ती सावकाश सातव्या रांगेपर्यंत आली. तिनं टोपी उचलून मांडीवर घेतली आणि बसली. मधला लोखंडी पाय थरथरत होता.

"बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशी मी इथेच विचारलं होतं. एकटे राहाल का म्हणून. तुम्ही मान कशी हलवली होती?"

काका पडद्याकडेच बघत होते. "नाही म्हणालो होतो."

"बाबा..."

"दोनदा म्हणालो होतो. तू म्हणालीस, बरं झालं. मला वाटलं, तुला जमण्यासारखं नसेल. पोरीला अडचणीत कशाला टाकायचं?"

स्नेझाना रडली. टोपीत तोंड खुपसून रडली. तेवढ्यात दिवे गेले, सिनेमा सुरू झाला आणि पडद्याखाली अक्षरं उमटली.

"माझ्याबरोबर येता का, बाबा? माझ्या घरी?"

माझ्या पाठीवर डोकं हललं. या खांद्याकडून त्या खांद्याकडे.

"म्हणजे हो ना? तोंडानं सांगा, बाबा. मला आता मानेचा भरवसा नाही."

"हो म्हणजे हो!" काका मोठ्यानं म्हणाले. पुढच्या रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. "आता रडणं पुरे आणि ते खाली काय लिहिलंय ते वाच. तो मिशीवाला चोर आहे की नवरा?"

तिनं नाक पुसलं आणि वाचायला लागली. अडखळत, हुंदके देत वाचत होती. अर्ध्या तासानं काका म्हणाले, "फालतू सिनेमा आहे. पण बसू या."

त्यानंतर ते माझ्यावर कधी बसले नाहीत. पुढे सभागृहात गादीच्या खुर्च्या आल्या आणि आम्हाला उपटून खाली आणून टाकलं. मधला पाय कापल्यावर माझी जोडीदारीण कुठे गेली ते कळलं नाही. झाडू न्यायला त्सोन्काबाई इथे येतात तेव्हा फोनवर कुणाकुणाशी बोलतात. गेन्चोकाका म्हणे तिकडेही सिनेमाला जातात, मोठमोठ्यानं बोलतात, आणि व्हिएन्नातले लोक त्यांना गप्प बसवतात. ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. लाकडाला उशिरा कळतं.

मित्रांनो, खुर्चीवर चाकूनं नावं कोरू नका, बैठकीवर उभे राहू नका. एवढं तर कोणतीही खुर्ची तुम्हाला सांगेल. माझं मागणं जरा वेगळं आहे. शेजारी बसलेल्या आपल्या माणसाला काही विचारलंत आणि त्यानं नुसती मान हलवली, तर लगेच 'बरं झालं' म्हणून मोकळे होऊ नका. पुन्हा एकदा विचारा, आणि तो बोलेपर्यंत थांबा.

आणि कधी त्र्यावनाला आलात, तर तळघरात डोकावा आणि भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची वळवून बघा. पाठीवर सूर्यफूल आहे, त्याच्या पाकळ्यांत थोडा निळा रंग अजून आहे, म्हणजे ती मीच. "ही खुर्ची मी घेऊन जाऊ का?" असं त्सोन्काबाईंना विचारा. त्या मान हलवतील. ती कशी हलते, ते नीट बघा.