तळटीप क्रमांक एकोणचाळीस

विभागप्रमुखपदाच्या मुलाखतीला बाई आत गेल्या, तर टेबलावर टाइप केलेला कागद तयारच होता. 'यापुढे मी करमणूकप्रधान कादंबऱ्या लिहिणार नाही.' खाली सहीपुरती जागा. सही केली तर पद बाईंचं, नाही केली तर धाकट्या सहकाऱ्याचं. अठरा वर्षं राज्यशास्त्र शिकवून हे बक्षीस!

या अटीची कुणकुण बाईंना आदल्या दिवशीच लागली होती. सकाळी इस्त्री करता करता नवऱ्याने सुचवलं होतं, "कर की सही. टोपणनावाने लिहीत जा." बाई अशा उखडल्या की बिचाऱ्याच्या शर्टाची बाही करपली. तोंड लपवायला त्यांनी काय कुणाचा खिसा कापला होता? निवडणुकांवरचे त्यांचे लेख जेमतेम चाळीस लोक वाचत आणि मंत्र्यांच्या खुनांच्या कादंबऱ्या बसस्थानकावर हातोहात खपत. बाईंचा जीव दोन्हींत सारखाच होता.

मुलाखत समितीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त होणारे विभागप्रमुख, सर. बाईंच्या प्रबंधाचे मार्गदर्शकही तेच. "हे बघा," सर म्हणाले, "विद्वान माणसाला हे बाजारू लिखाण शोभत नाही. मी तर असल्या पुस्तकांना हातही लावत नाही."

बाईंनी पिशवीतून सरांचा नवा ग्रंथ काढला. खरं तर त्या गप्पच बसणार होत्या, गुरू ना शेवटी! पण 'बाजारू' ऐकलं आणि त्यांचं डोकं सटकलं.

"सर, तळटीप एकोणचाळीस. बोगस मतदार चौकशी समितीचा अहवाल, पान दोनशे बारा. कुठे पाहिलात हा?"

"अभिलेखागारात. मूळ प्रत," सरांनी ठोकून दिलं.

"अहो सर, ती समिती मी नेमली! माझ्या तिसऱ्या कादंबरीत. तिच्या अध्यक्षाला विषही मीच घातलं. आणि दोनशे बारा हे पान त्या कादंबरीचं आहे."

बाहेरून आलेल्या एका सदस्याने हसू दाबायला तोंडाला रुमाल लावला. सर लालबुंद झाले. कादंबरीतला अहवाल खरा समजून त्यांनी उचलला होता आणि कादंबरीचं नाव घ्यायची लाज वाटली म्हणून ते गाळलं होतं.

"म्हणजे... त्यातले आकडेही बनावट?" सरांचा आवाज पार बसला.

"छे! आकडे अस्सल आहेत. दोन वर्षं गावोगाव पायपीट करून जमवलेत मी. माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात आहेत. मार्गदर्शक म्हणून त्याच्यावर तुमचीच सही आहे."

बाईंनी ग्रंथ टेबलावर ठेवला.

"प्रबंध न वाचता सही ठोकलीत, कादंबरी मात्र दोनशे बारा पानांपर्यंत वाचलीत. आता तुम्हीच सांगा सर, यातलं काय लिहायचं बंद करू?"

पद गेलं तर गेलं खड्ड्यात! बाईंनी बिनसहीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि त्या दुपारच्या तासाला निघून गेल्या.