एका शब्दासाठी उघडलेली पोलादी बाटली

मित्रांनो, मी एक म्हातारी बाटली आहे. पण पाण्याची नव्हे, आणि काचेचीही नव्हे. माझं अंग जाड पोलादाचं. कारखान्यात नळीचा तुकडा कापून, दोन्ही टोकं तापवून निमुळती करून मला घडवलं आणि प्रत्येक टोकाला एकेक झडप बसवली. मग पोटात पाणी भरून इतका दाब दिला, की वाटलं, आता फुटतेच! फुटले नाही. दोन तोंडं असूनही मी दुतोंडी मात्र नव्हते. जे पोटात घेईन ते जसंच्या तसं प्रयोगशाळेत पोचवायचं, एवढंच माझं काम.

जमिनीच्या पोटात तेल आणि वायू एकमेकांत मिसळून असतात. ते जिथून वर येतात त्या विहिरीपाशी मला नेत, नमुना भरत आणि झडपा घट्ट आवळत. त्या अंधारात मला एकच कोडं पडे. वाटेत माझ्या पोटात काहीतरी डुचमळे, म्हणजे ते पातळ असणार. मग प्रयोगशाळेत झडप उघडली, की त्यातलं बरंचसं फुस्सकन उडून का जातं? आणि जातं कुठे?

हे कोडं सुटलं ते एका नणंद-भावजयीमुळे. भावजय आमच्या प्रयोगशाळेतली रसायनतज्ज्ञ. प्रत्येक कामानंतर मला मऊ फडक्याने पुसून ती म्हणे, "गुणाची गं माझी ती!" नणंद त्याच कंपनीत वकील. एका सकाळी ती करार घेऊन घाईघाईने आली.

"वहिनी, एवढं एक वाक्य नजरेखालून घाल. दुपारी सह्या आहेत."

वाक्य साधंच होतं. विहिरीवर जे काही द्रव मिळेल, ते समोरची कंपनी आपल्या टँकरमधून नेईल.

"द्रव म्हणजे?" वहिनीने विचारलं.

"म्हणजे पातळ! ओतता येतं ते. हे शेंबड्या पोरालाही कळतं."

"मग शेंबड्या पोरालाच विचारून ये. मला नाही कळत."

असं म्हणून तिने मला उचललं, वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात ठेवलं आणि माझी झडप जराशी उघडली. काचेच्या नळीत पातळ तेल उतरलं आणि खाली जाळ नसताना खदखदू लागलं! नळीच्या बाहेरून पांढरं हिव धरलं. वकीलबाईने चष्मा पुसून पुन्हा लावला.

"उकळतंय? पण हे तर थंडगार आहे!"

"विहिरीवर दाब असतो, म्हणून तिथे हे पातळ राहतं. दाब काढला की त्यातला हलका भाग वायू होतो. ऊन चढलं की आणखी होतो. आता सांगा वन्सं, हे द्रव की वायू?" चिडवायचं असलं, की वहिनी 'वन्सं' म्हणे.

नणंद हसली नाही. नळीतली पातळी खाली जाताना ती बघत राहिली. "म्हणजे कुठे आणि किती उन्हात मोजतो, त्यावर आहे," ती सावकाश म्हणाली. मग एकदम दचकली. "अगं, त्यांचे टँकर साधे आहेत! दाब सोसणारे नाहीत!"

दुपारच्या सह्या थांबल्या. समोरच्या कंपनीचे साहेब तणतणत आले. "आयत्या वेळी खोडा घालता? तेल म्हणजे तेल! शब्दाचा कीस कशाला काढता?"

वहिनीने माझ्यातलं थोडं तेल एका पत्र्याच्या डबीत घेतलं, झाकण दाबून बसवलं, डबी कोमट पाण्यात ठेवली आणि कपाटाची काच ओढली. थोडा वेळ काहीच झालं नाही. साहेब घड्याळाकडे बघणार, तोच ठप्प! झाकण उडून कपाटाच्या छताला आपटलं. साहेबांनी मान खाली घातली ती वर करायला जरा वेळच लागला.

"ही डबी होती," वकीलबाई म्हणाली. "टँकरपुढे माणूस बसलेला असतो."

साहेबांनी खुर्ची ओढली. "बरं, मग लिहायचं काय?"

तिघं संध्याकाळपर्यंत बसली. दाब साध्या हवेइतका, तापमान अमुक एक. त्या स्थितीत जे पातळ उरेल तेच द्रव. उडेल तो वायू, त्याने पाइपातूनच जायचं. टँकरमध्ये भरायचं ते हलका भाग काढून टाकल्यावरच. माझं कोडं सुटलं आणि माझं कौतुकही झालं.

पुढे पाइपावरच मोजणारं यंत्र आलं आणि मी फळीवर गेले. धूळ बसली. झडपेतला वॉशर वाळून तडकला. एके दिवशी यंत्र बिघडलं. टँकर भरायला उभा होता. कुणीतरी मला तशीच भरून आणली. वाटेत हलका भाग गुपचूप झिरपून गेला, आणि तपासणीत तेल अगदी शांत, भरण्याजोगं ठरलं! मला ओरडावंसं वाटलं. पण बाटलीला कुठला आवाज?

वहिनीने मला उचललं आणि तिचा हात थबकला. तिने माझं वजन केलं. तपासणीसाठी काढलेलं तेल धरूनही, विहिरीवर नोंदवलेल्या वजनापेक्षा मी हलकी होते. "टँकर थांबवा!" ती फोनवर ओरडली.

थोड्या वेळाने टँकरचा चालक कुरकुरत आत आला. "बाई, उगाच अडवलंत. लेकीला लवकर येतो म्हणून सांगितलंय."

"थोडा उशीर होईल," वहिनी म्हणाली. "पण पोचाल."

तो कशातून वाचला, ते त्याला कुणी सांगितलं नाही. तो पाणी प्यायला आणि बाकावर डुलकी काढत बसला.

मी आता दाबाला टिकत नाही. नव्या लोकांना आतली घडण दाखवायला मला उभी चिरली आहे, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या पोटात उजेड पडला आहे. मित्रांनो, फळीवरच्या जुन्या वस्तूचा वॉशर वेळेवर बदला. आणि ज्या शब्दाला सगळे पटकन माना डोलावतात, त्याला आधी थांबवून विचारा, "बाबा रे, तू म्हणजे नक्की काय?"