नियमाने वाजलेली शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. चिंचपोकळीच्या एका लहानशा कारखान्यात मी घडले आणि बावीस वर्षे कबड्डीचे पंच राजारामकाका यांच्या गळ्यात आहे. "काकांची शिट्टी वाजली की वाद मिटला," असे लालबाग-परळचे खेळाडू म्हणत. ते ऐकून मी सुखावत असे.

तीन वर्षांपूर्वीच्या एका अंतिम सामन्याने ते सुख हिरावून घेतले. दोन्ही संघांचे गुण समान होते आणि शेवटची चढाई सतरा वर्षांच्या दीपिकाची होती. याच सामन्यावरून शहराच्या संघात तिची निवड व्हायची होती. "कबड्डी, कबड्डी" म्हणत तिने मध्यरेषा ओलांडली.

माईकवर वैभव समालोचन करत होता. तो ओरडला, "हॅलोजन वाढवा रे! चढाईला कोण आलंय, दिसतच नाय!"

सारे मैदान खदखदून हसले. सावळ्या दीपिकाचे पाय थांबले नाहीत, ओठ मात्र थांबले. दम तुटला. राजारामांनी मला फुंकले आणि मी वाजले. गुण समोरच्या संघाला गेला. माईकवरच्या माणसासाठी आमच्याकडे नियमच नव्हता.

दीपिका पुन्हा मैदानात आली नाही. राजाराम तिच्या घरी गेले, तेव्हा तिची आई सुंदराबाई शांतपणे म्हणाली, "तुमची काय चूक, पंच? तुम्ही नियमानंच वाजवलीत ना?"

तेव्हापासून खुंटीवर लटकताना माझ्या पोकळीत तो अर्धवट 'कबड्...' घुमत राहतो.

यंदाच्या स्पर्धेत कॅरिसा नावाची अंगापिंडाने दणकट खेळाडू चढाईला निघाली आणि माईकवर वैभव पुन्हा सुरू झाला. "बापरे, पोरगी हाय का पैलवान? हिच्याशी लग्न कोण करणार रे?"

लोक हसू लागले. कॅरिसाचा दम अजून टिकून होता. तेवढ्यात राजारामांनी मला सारा जीव ओतून फुंकले. खेळ थांबला.

"फाऊल कुणाचा, काका?" वैभवने माईकवरूनच विचारले.

"तुझा. माईक खाली ठेव."

"काय काका, जरा गंमत केली!"

"तुझ्या गमतीनं एक पोरगी घरी बसली, वैभव. आणि तेव्हा शिट्टी मी तिच्यावरच मारली."

वैभवने माईक खाली ठेवला. कॅरिसाने चढाई नव्याने सुरू केली. दीपिका मात्र अजून आलेली नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असे माझे मागणे नाही. कुणाच्या रंगावर, अंगावर विनोद झाला आणि सगळे हसले, तर ज्याच्यावर तो झाला त्याच्या ओठांकडे एकदा पाहा. ते थांबलेले दिसले, तर तुम्ही गप्प राहू नका.