शेंग वाळायच्या आधी

मी एक जुना तक्ता आहे. बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका शाळेत, तिसरीच्या वर्गात, खिडकीशेजारच्या खिळ्यावर मी बरीच वर्षे लटकलो. माझ्यावर वालाचे जीवनचक्र छापले आहे. बी, अंकुर, रोप, फूल, शेंग आणि पुन्हा बी. मध्ये बाण आहेत. ते मुळात लाल होते. फूल तर उन्हाने इतके उडाले आहे की मुलांना ते फुलपाखरू वाटते, आणि त्यांची चूक काढायला कुणाला सवड नसते.

मित्रांनो, माझा जन्म छापखान्यात झाला. पाठीला कापड चिकटवले, वर-खाली लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि मला शाळेत आणले. त्या दिवशी माझे फार कौतुक झाले. मुख्याध्यापकांनी हळदकुंकू वाहिले, त्याचा डाग 'अंकुर' या शब्दावर अजून आहे. नंतर मला पुसणारे हात कमी आणि माझ्यावरची पाल मारणारे हात जास्त भेटले.

धडा दरवर्षी एकाच पद्धतीने होई. मंगलाबाई वाटीत ओला कापूस ठेवून मटकी भिजवत. मोड आले की मुले टाळ्या वाजवत आणि धडा संपे. वाटी धुऊन बाईंच्या डब्याच्या पिशवीत जाई. माझे उरलेले चित्र मुलांनी विश्वासावर घ्यायचे. खरी शेंग या वर्गात कुणी पाहिली नव्हती. मीही नाही. मी ती नुसती अंगावर बाळगत होतो.

यंदा बाईंनी घरून बी आणायला सांगितले. वर्गात स्वरा नावाची मुलगी आहे. तिचे वडील कारखान्यात जातात, आजोबा शांताराम शिरगावात वाडी सांभाळतात. त्यांच्या घरचा एक वाल होता, बुटका आणि गोड. दरवर्षी थोडे दाणे राखेत घालून ठेवायचे आणि पुढच्या हिवाळ्यात पेरायचे, ही त्यांची रीत. एक पीक अवकाळीने नेले, दुसरे डुकरांनी. दाणा उरला एकच. तो घेऊन आजोबा स्वतः शाळेत आले.

"बाई, हा शेवटचा हाय. आमच्याकडं डुकरं काय ठेवत नाय. शाळेत डुकरं येत नाय ना?"

"नाही हो आजोबा," मंगलाबाई हसल्या. "इथे फक्त मुलं येतात."

"मग वाचेल. शेंग वाळून खडखड वाजली की काढा. तोवर तुमी हात लावू नका."

कारखान्यातून आलेले एक निळे पिंप अर्धे कापून खिडकीबाहेर ठेवले होते. त्यात स्वराने दाणा पेरला. बोअरचे पाणी पिवळट येते, म्हणून ती सगळ्यांच्या बाटल्यांतले उरलेले पाणी गोळा करून घाली.

"स्वराचं झाड जारचं पाणी पितं! व्हीआयपी हाय!" हर्षित ओरडे. पण स्वतःच्या बाटलीत घोटभर पाणी मुद्दाम ठेवी. दिवाळीच्या सुट्टीतही ती दोघे फाटकावरून चढून येत.

मग फुले आली. फूल असे असते, हे मला तेव्हा कळले. माझ्या चित्रात ते बरेच वाईट काढले आहे. फुलांमागून शेंगा धरल्या. मी खिडकीतून रोज पाहत होतो, आणि मला प्रथमच वाटले की आपण खोटे बोलत नव्हतो.

त्याच सुमारास वरचे साहेब भेट देणार असल्याचे कळले. मुख्याध्यापक झुंबर सर वर्गात आले.

"बाई, सगळ्या अवस्था टेबलावर एकत्र दिसल्या पाहिजेत. मूळसुद्धा."

"सर, मूळ मातीत असतं."

"मग साहेब काय मातीत वाकून बघणार?"

मंगलाबाईंनी पिंपाकडे पाहिले, मग सरांकडे. सर जवळ होते.

"बाई, नको ना," स्वरा म्हणाली. "अजून वाजत नाय शेंग."

"लगेच परत लावू गं."

"आजोबांनी सांगितलंय, वाळू दे."

"मी म्हटलं ना, लावू. रडायचं नाही, साहेब येतायत."

"बाई, शेवटचा हाय तो."

रोप उपटले. मुळे बादलीत धुतली, पांढऱ्या कागदावर पसरली आणि त्यांवर 'मूळ' अशी चिठ्ठी चिकटपट्टीने लावली. मागे शोभेला मला टांगले. त्यासाठी मला ओल्या फडक्याने पुसले. इतक्या वर्षांनी अंघोळ झाली, तीही अशा कार्याला.

साहेबांनी मुद्दाम स्वरालाच विचारले, "बाळ, शेंगेनंतर काय येतं?"

"पाव्हणे," स्वरा म्हणाली.

सगळे हसले. साहेब सर्वांत जास्त. "हजरजबाबी आहे हो!" ते म्हणाले, आणि फोटो निघाला.

दुपारी रोप पुन्हा पिंपात लावले. बाईंनी शब्द पाळला. रोपाने मान टाकली ती वर केलीच नाही.

आठवड्याने शांताराम आले. त्यांनी शेंगा तळहातावर सोलल्या. आत दाण्यांच्या जागी नुसती सुरकुतलेली हिरवी टरफले होती.

"खायला नाय, पेरायला नाय," ते स्वतःशीच म्हणाले.

"आजोबा, मी बाजारातून चांगलं बियाणं आणून देते," मंगलाबाई म्हणाल्या.

"वाल मिळेल हो बाजारात, बाई. हा नाय मिळणार."

जाताना त्यांनी बाईंना नमस्कार केला. ओरडले असते तर बाईंना सोपे गेले असते.

साहेबांबरोबरचा फोटो आता माझ्या खिळ्यावर आहे आणि मी गुंडाळी होऊन कपाटामागे उभा आहे. तक्रार नाही. मुलांना दाखवायला माझ्याजवळ जे होते, ते त्यांनी पाहिले.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. मला पुसू नका, पुन्हा टांगू नका. पण शिकवण्यासाठी किंवा शिकण्यासाठी एखादे रोप उपटायचा मोह झाला, तर ते कुणाचे शेवटचे आहे का, एवढे विचारा. नुसते विचारून भागत नाही, हेही मला माहीत आहे. स्वराने न विचारताच सांगितले होते.